दुधी निळ्या वाट्या

"ताई, ही राख माझी नाही हो," बेकरीवाला म्हणाला.

म्हणाला तोही हसत हसत, एका हाताने पावांचा ट्रे सरकवत. त्यात कोणी हादरून जावं असं काही आहे, हे त्या घटकेला ना त्याला ठाऊक होतं, ना ताईला. ती आपली नवी वाटी दोन्ही हातांत धरून काउंटरपाशी उभी होती. दुधी रंगाची, काठाशी किंचित निळसर, बघतच राहावं अशी वाटी.

"तुझी नाही तर कोणाची?" ती म्हणाली. "डबा तुझाच होता. लाल झाकण आणि वर बदकं."

"डबा असेल माझा. बिस्किटं संपली की लोक डबे घरी ठेवतात, त्याला मी काय करू? पण माझी भट्टी गॅसवर गेली, त्याला बरेच दिवस झाले. लाकूडच जळत नाही तर राख कुठून आणू? तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्या घरी तेव्हा ते सगळं चाललं होतं..."

ते सगळं म्हणजे ताईच्या वडिलांचं जाणं. बेकरीवाल्याने मान खाली घातली. ताई म्हणाली, "मग दुसऱ्या कोणाची असेल," आणि वाटी परत घेऊन निघाली. वाटी द्यायची तर ज्याची राख त्यालाच, असा तिचा नियम होता.

आता ही बाई कोण आणि लोकांकडून राख काय म्हणून गोळा करत हिंडते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला वेडी ठरवाल, आणि ती वेडी नाही. हट्टी आहे, ते वेगळं.

शाळेच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धुण्यात तिची निम्मी उमर गेली. मग एकदा शेजारणीला सोबत म्हणून ती मातीकामाच्या वर्गाला गेली. शेजारीण दुसऱ्याच दिवशी नखं खराब होतात म्हणून सुटली, ताई मात्र अडकली ती कायमची. नोकरी सोडून तिने गल्लीच्या टोकाचं एक जुनं गॅरेज भाड्याने घेतलं. तिचा धाकटा भाऊ वायरमन, त्याने तिथे विजेची भट्टी बसवून दिली, आणि बाईंचं दुकान सुरू झालं.

पण साधी कपबशी करून गप्प बसेल तर ती ताई कसली! जगात कुठे कोण माती कशी हाताळतं, ते सगळं तिला स्वतःच्या हाताने करून बघायचं असे. आफ्रिकेतल्या काही बायका चाक वापरतच नाहीत, मातीच्या वळ्या एकावर एक रचतात आणि भांड्याभोवती स्वतः फिरतात, असं तिने कुठेतरी पाहिलं. मग आठवडाभर ही वाकून वाकून रांजणाभोवती घिरट्या घालत होती आणि पुढचा आठवडाभर अंथरुणात कंबर शेकत होती. जपान्यांसारखं लालभडक भांडं चिमट्याने भट्टीतून ओढून अमेरिकेतले कुंभार ते भुशात पुरतात, म्हणून हिनेही पुरलं. गल्लीभर एवढा धूर झाला की अग्निशमनवाले घंटा वाजवत आले. मेक्सिकोतल्या कुंभारांसारखी चकाकी आणायची म्हणून एक गुळगुळीत दगड ती पर्समध्ये घेऊन फिरे आणि दवाखान्याच्या रांगेत बसूनही मडकं घाशी. डॉक्टरही तिला "पाठ कशी आहे?" आधी विचारत नसत, "मडकं कुठवर आलं?" विचारत.

या सगळ्यात तिचा जीव जडला तो राखेवर. चीन, जपान, कोरियाकडच्या जुन्या कुंभारांना फार पूर्वीच उमगलं होतं की लाकडाच्या भट्टीत उडणारी राख भांड्यावर बसते आणि वितळून तिची काच होते. मग ते मुद्दाम राख, माती आणि दगडाची पूड कालवून भांड्यांना लावू लागले. त्या लेपाला झिलई म्हणतात. गंमत अशी की जे जळलं त्याप्रमाणे रंग बदलतो. सुताराच्या भुशाची झिलई हिरवट येते, माळ्याच्या पाल्याची तपकिरी. झालं, ताईने गल्लीला कामाला लावलं. सुतार, माळी, बेकरीवाला, जो तो आपली राख जुन्या डब्यात भरून गॅरेजच्या दाराशी ठेवू लागला, आणि त्या भट्टीतली एक वाटी ताई त्याला नेऊन देऊ लागली. गल्लीत तिचं नाव पडलं राखवाली ताई. तिलाही ते आवडे.

वडिलांना मात्र या सगळ्याचं हसू येई. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्ह फिरवणारे. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येई. पाण्याचा माणूस. ताईची भांडी ते हातात घेत, उलटीसुलटी करत आणि म्हणत, "छान आहे. पण हे आता टिकणार ना गं? मला तर टिकणाऱ्या वस्तूंची धास्ती वाटते." स्वतःचं म्हणून त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. मुलांना एकच गोष्ट बजावली होती आणि ती इतक्यांदा की मुलं कंटाळली होती. "मी गेलो की फोटो लावू नका, दगड बसवू नका, माझी कसलीही खूण ठेवू नका. जुन्या पुलाखाली वाहत्या पाण्यात सोडा, हात धुवा आणि घरी जाऊन जेवा."

बाबा गेले तेव्हा दादा, म्हणजे ताईचा मोठा भाऊ, परदेशात होता. त्याला लगेच निघता येईना. तो आला की तिघांनी मिळून पुलावर जायचं, असं फोनवर ठरलं. राख ताब्यात घ्यायला धाकटा एकटाच गेला. ताईला वाटलं, त्याने ती दहनगृहाच्याच कपाटात ठेवली असेल, तशी सोय तिथे होती. तिने विचारलं नाही. विचारायला तोंडच उघडत नव्हतं.

घरी आई जेवत नव्हती. ताट समोर घेऊन बसे, घास चिवडे आणि उठे. ताईला ते बघवेना, म्हणून तिने स्वतःला गॅरेजात कोंडून घेतलं. दुःख झालं की माणसं रडतात, ही बाई फडताळं आवरते. सगळ्यात वरचा खण, जिथे जुनी बिघडलेली भांडी पडलेली असत, तोही तिने रिकामा केला. तिथे मागे बदकांचा डबा मिळाला. चांगला जड. झाकण काढलं तर आत फिकी, बारीक राख. मधेमधे पांढरे टणक कण. तिला वाटलं, दुःखाच्या दिवसांत बेकरीवाला डबा ठेवून गेला असेल आणि धाकट्याने तो अडचण नको म्हणून वर सारला असेल.

तिने ती नेहमीसारखी बोटांत चोळली. नेहमीसारखी जिभेच्या टोकाला लावली. लाकडाची राख जिभेला झोंबते, ही झोंबली नाही. 'या मेल्याने यंदा जाळलं तरी काय?' असं म्हणत तिने ती चाळली, उरलेले कण खलात घातले आणि बत्त्याने कुटून कुटून पूड केली. झिलई कालवली, वाट्या बुडवल्या, भट्टी लावली.

भट्टी उघडली आणि ताई खाली बसली. आयुष्यात असा रंग तिच्या हातून उतरला नव्हता. साईसारखा दुधी, आणि जिथे लेप जाड बसला तिथे पहाटेसारखा निळा. सगळ्यात देखणी वाटी तिने आईला नेऊन दिली. आईने ती बराच वेळ हातात फिरवली. संध्याकाळी तिने त्या वाटीत दूध घेतलं, पाव कुस्करला आणि खाल्ला. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. आई जेवायला लागली! ताईच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं, आणि त्याच आनंदात ती एक वाटी घेऊन बेकरीत गेली होती.

तर तिथून ती परत आली, तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. आत धाकटा स्टुलावर चढून वरचा खण चाचपत होता. खाली दादा उभा होता, अंगावर अजून प्रवासाचेच कपडे. तिला बघून त्याने जवळ घेतलं. दोघांचेही डोळे भरून आले.

"ताई," धाकटा वरूनच म्हणाला, "इथे मागे एक डबा होता गं. कुठे ठेवलास?"

"कुठला?"

"बदकांचा. लाल झाकणाचा."

"तो होय! तो संपला की. झिलईत गेला," ताई म्हणाली. "ही बघ ना, कसली सुंदर..."

आणि तिने वाटी पुढे केली.

धाकटा स्टुलावरून उतरला नाही. तो होता तिथेच, स्टुलावरच, हळूहळू खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब राहिला नाही.

"काय रे?" ताई म्हणाली. "काय झालं?"

"त्यात बाबा होते," तो म्हणाला.

काही काही वाक्यं कानात जातात आणि पुढे जायला तयारच होत नाहीत. ताईला शब्द कळले, अर्थ कळेना. तिने हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग फडताळाकडे, मग पुन्हा वाटीकडे. मग वाटी तिच्या हातांतून निसटली, ती दादाने झडप घालून धरली. धरली मात्र, आणि आपण काय धरलंय ते उमगून तो दगडासारखा उभा राहिला. ना खाली ठेवता येई, ना हातात राहवे.

"मी कुटलं," ताई म्हणाली. "मी खलात घालून कुटलं." तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला, आणि मग ती जी नळाकडे धावली ती चूळ भरायलाच. चूळ भरली आणि तिला स्वतःचीच भयंकर शरम वाटली. बापाची काय चूळ भरायची असते! ती नळ तसाच चालू ठेवून मोरीच्या कडेला मटकन बसली.

"इथे कशाला ठेवलंस?" दादा धाकट्यावर ओरडला. "सगळं जग सोडून राखेच्या दुकानात?"

"कुठे ठेवू मग? घरी आईने पाहिलं असतं. माझ्याकडे पोरं सगळं उचकतात. दहनगृहवाल्यांनी पिशवीत दिलं होतं, पिशवीत कसं ठेवायचं म्हणून घरातला चांगला घट्ट झाकणाचा डबा घेतला. वरच्या खणाला ताई कधी हात लावत नाही म्हणून..."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो." धाकट्याचा आवाज फुटला. "ताई, त्या डब्यात बाबा आहेत, असं म्हणावं लागलं असतं. ते माझ्या तोंडून निघेचना. म्हटलं दादा येईल, तो बघेल."

अंगाने एवढा थोराड माणूस स्टुलावर बसून शाळकरी पोरासारखा रडत होता. रागावायचं तरी कोणावर, हेच दादाला कळेना. त्याने ती वाटी अखेर मेजावर ठेवली, बाकीच्या वाट्यांच्या ओळीत, आणि शर्टाला हात पुसले. मग ते पुसणंही त्याला नको वाटलं.

"काढता येईल ना परत?" तो ताईला म्हणाला. दादा इंजिनियर, त्याच्या जगात प्रत्येक गोष्ट उलटी फिरवता येत असे. "ॲसिडने, कशाने तरी. काहीतरी असेलच की."

ताईने मान हलवली. आपला धंदा तिला ठाऊक होता, आणि तेच तर सगळ्यात वाईट होतं. "काच झालीय दादा. ती मातीत विरत नाही, पाण्यात विरत नाही. जमिनीतून जुनी खापरं निघतात ना, त्यांची माती झिजलेली असते, पण झिलई अजून चमकत असते. आपण जाऊ, आपली नातवंडं जातील, तरी हे असंच राहणार."

हे बोलता बोलताच तिला खरा हादरा बसला. तोवरचं सगळं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. ज्या माणसाला जगात आपली नखाएवढी खूण नको होती, त्याची तिने जगातली सगळ्यात न पुसणारी खूण करून ठेवली होती. एकच गोष्ट मागितली होती त्यांनी. एकच, आणि तीही फुकटची. ती गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली.

एकाएकी तिने डोकं वर केलं.

"बादली!" ती म्हणाली.

कोपऱ्यात, ओल्या पोत्याखाली, झिलईची बादली होती. अर्धी भरलेली. कालवलेली, पण भट्टीचं तोंड न पाहिलेली. म्हणजे बाबा होते! सगळे नाही, पण होते, अजून पाण्यात होते.

ती बादली तिघांनी मिळून उचलली. तसं म्हटलं तर एकट्या धाकट्याने खांद्यावर मारली असती, पण कोणी हात सोडायला तयार होईना. ती गाडीत मधे ठेवली. वाट्याही दादाने कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं डिकीत घातलं. जुन्या पुलाखालच्या पायऱ्यांवर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. ताई चपला काढून पाण्यात उतरली, तळाशी बसलेला साका हाताने नीट ढवळला आणि बादली कलती केली. पाणी दुधासारखं पांढरं झालं, थोडं अंतर तसंच पांढरं वाहिलं आणि मग पुलाच्या खांबापलीकडे कुठे गेलं ते दिसलं नाही. तिघांनी हात धुतले.

दादाने खोक्यातली एक वाटी काढली आणि फेकायला हात मागे नेला.

"ती बुडेल," ताई म्हणाली. "आणि तळाशी पडून राहील. अशीच्या अशी."

"मग काय करू?" दादा कळवळून म्हणाला. "फडताळात मांडू बाबांना?"

वाटी पुन्हा खोक्यात गेली, खोकं पुन्हा डिकीत. एक वाटी आईकडेही आहे हे गाडीत ताईने सांगितलं, तेव्हा दादाने बजावलं, "आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. तिच्याकडची वाटी काहीतरी निमित्त करून काढून घ्यायची. ऐकलं तर ती तिथल्या तिथे कोसळेल." आई त्या वाटीत रोज जेवते, हे ताईने तेव्हाच त्याला सांगितलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

घरी आई स्वयंपाकघरात मेजाशी बसली होती. समोर तीच वाटी, दुधात कुस्करलेला पाव अर्धाअधिक संपलेला. दादाला बघून तिने हात पुढे केले, त्याचं तोंड कुरवाळलं, तू वाळलास म्हणाली. मग विचारलं, "झालं? सोडलंत ह्यांना?"

"झालं," दादा म्हणाला. खोटं नव्हतं, पण त्याचा आवाज चोराचा होता. "आई, ही वाटी दे बघू. तडा गेलाय तिला. दुसरी देतो."

"कुठे आहे तडा?" आईने काठावरून बोट फिरवलं. "काही नाही गेलेला. चांगली आहे. मला हिच्यातच घास उतरतो."

दादाने ताईला खूण केली. ताईने हात पुढे केला आणि वाटी ओढली. आईने सोडली नाही. दोघी क्षणभर तशाच वाटी धरून राहिल्या, आणि आईने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. बस्स. त्यापुढे ताईला झाकणं जमलं नाही. तिने डब्यापासून बादलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. खलासकट सांगितलं. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. दादा आईच्या मागे जाऊन उभा राहिला होता, कोसळली तर धरायला.

आई कोसळली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती वाटीकडे बघत राहिली.

मग तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि तळाचं दूध पिऊन टाकलं. पावाचा शेवटचा कुस्कराही बोटाने निपटून खाल्ला. ताईच्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली. दादाने "आई!" म्हणून तिचा खांदा धरला, तो तिने झटकला.

"बाकीच्या वाट्या पाण्यात बुडवल्यात का?" आईने विचारलं.

"नाही," ताई कशीबशी म्हणाली. "बाहेर गाडीत आहेत. डिकीत."

"डिकीत?" आईचा आवाज एकदम चढला. "एवढ्या उन्हात ह्यांना गाडीच्या डिकीत टाकून आलात तुम्ही? आणि इथे येऊन माझ्याशी तडा गेल्याच्या गप्पा मारताय?"

"पण आई, बाबांना खूण नको होती," दादा म्हणाला. "ते सारखं म्हणायचे..."

"म्हणायचे. जन्मभर मी त्यांचंच ऐकलं," आई म्हणाली. "आता ते बोलत नाहीत. जा, आत घेऊन या."

दादा किल्ली खिशात असताना मेजावर शोधायला लागला. धाकट्याने ती त्याच्या खिशातून काढली आणि तो धावतच बाहेर गेला.